ओडीबीसी, चिंगीची आई आणि माझी खुर्ची

तीर्थरूप वन्संना, कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण मग उठवायला कुणीतरी लागतं, आणि तुमचे बंधू सध्या पंख्याचा आवाज कुठून येतो ते बघायला स्टुलावर चढलेत. पंखा बंद करून आवाज शोधताहेत.)

इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? डावा विचारते आहे. मागच्या खेपेला चुकून उजव्याची चौकशी केली, तर तुमचं उत्तर आलं, 'उजवा दुखत नव्हता,' आणि खाली सही. लेकीकडे करमतंय ना, जावई कसे आहेत? नातीला दात आले का, आणि आले असतील तर आधी वरचे की खालचे? (कुणाकुणाला आधी वरचे येतात ते का, हे मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, कुत्र्याचं असेल तर सांगते.) माझी तब्येत उत्तम. झोप तेवढी लागत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

फोनवर बोलता आलं असतं, हे मला कळतं. पण तुमचा नियम मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. 'जे हवं ते लिहून द्या, तोंडी सांगितलेलं मी ऐकलंच नाही असं समजा,' हे तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात सांगायचात आणि घरी येऊन आम्हालाही सांगायचात. संध्याकाळी भाजी कुठली करू, हेसुद्धा मी तुम्हाला चिठ्ठीवर लिहून विचारलेलं आहे. (आणि तुम्ही चिठ्ठीवर 'चालेल' असं उत्तर दिलेलं आहे. काय चालेल ते नाही.) म्हणून लिहायला बसले. आधीच सांगून ठेवते, मला तुमच्याकडून काही एक नको आहे. हकिगत कानावर घालावी, इतकाच हेतू.

हकिगत तुमच्याच प्रोग्रामची आहे. तुम्ही रविवारचे रविवार खर्ची घालून आमच्या प्राण्यांच्या दवाखान्याला जो नोंदणीचा प्रोग्राम लिहून दिलात, तो जिन्याखालच्या खोलीतल्या यंत्रावर अजून ठणठणीत चालतोय. या भागातलं प्रत्येक कुत्रं, मांजर, ससा, पोपट आणि एक चिडकं कासव त्यात आहे. कुणाला कधी काय झालं, कुठली लस दिली, कुठलं औषध सोसत नाही, सगळं. नोंदणीच्या टेबलाशी मी बसते, नाव विचारते, बोटं चालवते आणि प्राण्याचा उभा जन्म पडद्यावर येतो. असं सुखात चाललं होतं, तर दवाखान्याच्या समितीला हौस आली. म्हणे लोकांना मोबाइलवरून वेळ घेता आली पाहिजे, लसीची आठवण मोबाइलवर गेली पाहिजे. त्यासाठी एका कंपनीचा नवा प्रोग्राम ठरला आणि तो बसवायला त्यांचा इंजिनिअर आला. गोरागोमटा, दाढी कोरलेला, आणि दर वाक्यात 'झटपट'. आम्ही सगळे त्याला झटपटच म्हणतो, तोही ओ देतो.

या झटपटने बैठकीत सांगितलं की जुना प्रोग्राम बंद करा, जुना डेटा राहू द्या, नव्यात कोऱ्या पाटीवर झटपट सुरुवात करू. डॉक्टरीणबाई भडकल्या. आमच्याकडे एक तांबडं मांजर येतं, त्याला नेहमीची भूल दिली की श्वास अडकतो. हे कुठे लिहिलंय? तुमच्या प्रोग्रामात. ते बंद केलं तर त्या मांजरावर एखाद्या दिवशी दुसराच डॉक्टर हात ठेवील आणि ते उठायचं नाही. त्या मांजरासाठी भडकल्या, मी तुमच्यासाठी भडकले. आमच्या वन्संचं काम कोरी पाटी म्हणून पुसणारा हा कोण टिकोजी? मी ताडकन उठले आणि म्हटलं, काही बंद करायचं नाही, नवं त्या जुन्याला जोडायचं. मी जोडून दाखवते, नाहीतर नोंदणीची खुर्ची सोडते. मला वाटलं कुणीतरी म्हणेल, अहो, असं काय बोलता. कुणी म्हणालं नाही, वन्सं. अध्यक्षांनी ते शांतपणे इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत बघू म्हणाले. आता ती खुर्ची काही सिंहासन नाही, पण गेली तर मी दिवसभर घरी बसून तुमच्या बंधूंबरोबर पंख्याचे आवाज शोधायचे का? मला ते टेबल आवडतं. तिथून मला हलायचं नाही. झोप न लागण्याचं कारण हे.

जोडायचं म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक होतं! मला वाटलं एक वायर लागेल. झटपटला तसं विचारलं, तर तो इतका हसला की त्याचं बिस्किट चहात बुडालं. वायर आहेच म्हणे, अडचण बोलण्याची आहे. नवा प्रोग्राम जुन्या डेटाबेसशी बोलणार कसा? मी म्हटलं, बोलणार म्हणजे नेमकं काय करणार? तर म्हणे, प्रश्न विचारणार. ज्या मांजरांची लस या महिन्यात आहे ती सांग, असा प्रश्न एका ठरावीक भाषेत जातो आणि ओळीच्या ओळी उत्तर येतं. वन्सं, मी तिथल्या तिथे बसले. एवढंच? लहानपणापासून मी लोकांना प्रश्न विचारतेय, त्यापायी बोलणी खाल्ली, शाळेत अंगठे धरून उभी राहिले, आणि इकडे प्रश्न विचारायचं एक अख्खं शास्त्र आहे, त्याचा लोकांना पगार मिळतो, आणि तुम्ही एका घरात राहून मला कधी सांगितलं नाहीत! (विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण विचारायचं काय, हे कळायला आधी थोडं कळावं लागतं की नाही?)

मग काय, मी त्याच्या मागेच लागले. दोघांनी एकदम प्रश्न विचारला तर डेटाबेस आधी कुणाला उत्तर देतो? चुकीचा प्रश्न विचारला तर रागावतो, की चुकीचं उत्तर देतो? (दोन्ही. तुमच्यासारखं.) उत्तर फार मोठं असलं तर हप्त्याहप्त्याने देतो का? झटपट आधी कौतुकाने सांगायचा, मग कानात इअरफोनची बोंडं घालून बसायला लागला. मी त्याच्या डब्याशेजारी माझा डबा उघडून बसायचे. खाताना बोंडं काढावीच लागतात.

असं खणूनखणून काढलं, तर प्रश्न पोचवायच्या तऱ्हा त्याच्या यादीत तीन निघाल्या. पहिली थेट. ज्या कंपनीने डेटाबेस बनवला, तिचीच खास बोली वापरायची. सगळ्यात जलद, पण उद्या डेटाबेस बदलला की नव्या प्रोग्रामची वाचा बसली, सगळं पुन्हा लिहा. शिवाय नव्या यंत्रांसाठी ती बोली बनवायचं त्या कंपनीने केव्हाच सोडून दिलंय. मी म्हटलं, मग ही यादीत कशाला? तर म्हणे, यादीत तीन असले की समितीला बरं वाटतं. दुसरी ओडीबीसी. ही जुनी आहे, पण सगळ्यांनी मिळून मान्य केलेली एकच रीत आहे. प्रोग्रामने त्या रीतीने विचारायचं, आणि प्रत्येक डेटाबेसचा स्वतःचा एक ड्रायव्हर असतो, तो ते त्याच्या डेटाबेसला कळेलसं करून सांगतो. डेटाबेस बदलला तर ड्रायव्हर बदला, प्रोग्राम बहुतेक तोच राहील. ('बहुतेक' हा शब्द त्याच्या तोंडून काढायला मला अख्खी दुपार लागली.) हे मी घरी सांगितलं तर तुमचे बंधू म्हणाले, ड्रायव्हर ठेवताय ते ठीक, पण त्याची सुटी असेल त्या दिवशी काय? मी त्यांना चष्मा पुसायला दिला.

तिसरी ओआरएम. हिचं नाव घेतानाच झटपटचा चेहरा उजळला. इथे म्हणे प्रश्न लिहायचाच नाही. मांजर म्हणजे मांजर, पालक म्हणजे पालक, अशा गोष्टी प्रोग्रामात मांडून ठेवायच्या, कुणाचं कुणाशी काय नातं ते सांगून ठेवायचं, की डेटाबेसला विचारायचे प्रश्न ते आपले आपण तयार करतं. मी विचारलं, ते प्रश्न आपल्याला बघायला मिळतात का? मिळतात, पण कुणी बघत नाही, असं उत्तर आलं. वन्सं, ज्या घरात प्रश्न कुणी विचारला आणि काय विचारला हे कुणीच बघत नाही, त्या घरात माझा जीव रमेल का? पण म्हटलं, बघू तर खरं.

खऱ्या यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून माझ्याच टेबलावरून सगळ्या नोंदींची यादी काढून झटपटने त्याच्या लॅपटॉपवर एक नक्कल उभी केली. नकलेवर ओआरएम बसवलं आणि म्हणाला, सगळी मांजरं पालकांसकट, झटपट! चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मी म्हटलं, आत प्रश्न काय चाललेत ते दाखव. नको नको म्हणत त्याने दाखवलं. पहिला प्रश्न, सगळी मांजरं दे. दिली. मग पहिल्या मांजराचा पालक कोण? मग दुसऱ्याचा कोण? मग तिसऱ्याचा? प्रत्येक मांजरासाठी एक वेगळी खेप! अहो, हे तर मी घरी रोज बघते. तुमचे बंधू दुकानात जातात ते मीठ घेऊन येतात, चपला काढतात, मग काडेपेटी आणायला पुन्हा चपला घालतात. झटपट म्हणाला, ओआरएमचा यात दोष नाही, सगळं एका खेपेत आण असं त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. हे मात्र मला पटलं. तुमच्या बंधूंनाही सांगून ठेवलं की ते एका खेपेत आणतात. सांगून ठेवायचं तेवढं ध्यानात राहत नाही.

आता इथून पुढे जे झालं ते सांगायच्या आधी आमच्या टेबलाची रीत सांगते. आमच्याकडे माणसाला माणसाच्या नावाने कुणी ओळखत नाही. फोन येतो तोच, 'मी चिंगीची आई बोलतेय.' चिंगी म्हणजे काळी कुत्री, आणि तिची आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. टिप्याचे आजोबा, भोपळ्याचे बाबा, सगळे असेच. म्हणून तुमच्या प्रोग्रामात 'पालक' असा जो रकाना आहे, त्यात आम्ही 'चिंगीची आई' असंच लिहितो. यात वाकडं काय आहे? एका आडनावाची माणसं ढीगभर असतात. चिंगीची आई एकच. (दुसरी एक चिंगी आहे, पण तिला आम्ही कोपऱ्यावरची चिंगी म्हणतो.)

झटपटच्या कंपनीने हाच प्रोग्राम घोड्यांच्या पागांना विकलेला आहे. तिथे घोड्याची आई कोण, बाप कोण, याला फार मोल, म्हणून नव्या प्रोग्रामात प्राण्याच्या आईबापांसाठी खास जागा. या शहाण्याने आमच्या नकलेत 'ची आई', 'चे बाबा' असं जागोजाग लिहिलेलं बघितलं आणि त्याला आनंदाचं भरतं आलं. किती नीट वंशावळ ठेवलीय! मला एका शब्दाने विचारलं नाही. मला, वन्सं! मी समोर बसलेली, प्रश्नांची वाट बघत. त्याने ओआरएमला परस्पर सांगून टाकलं की 'ची आई' म्हणजे त्या प्राण्याची आई, 'चे बाबा' म्हणजे बाप, 'चे आजोबा' म्हणजे बापाचा बाप. झालं. चिंगी कुत्री, तेव्हा चिंगीची आईही कुत्रीच. तिचं वय माहीत नाही, तिला एकही लस दिल्याची नोंद नाही. नव्या प्रोग्रामला घोर लागला. आणि आठवणीचे मेसेज बंद ठेवायचं झटपट विसरला होता, त्यामुळे नकलेतून निघालेले मेसेज खऱ्या माणसांच्या खऱ्या फोनवर गेले.

मजकूर असा: 'चिंगीची आई (कुत्री) हिला जंतांचं औषध देण्याची तारीख उलटून गेली आहे. उद्या सकाळी उपाशीपोटी आणावे. चावत असल्यास तोंडाला जाळी बांधावी.'

सकाळी मी दार उघडते तो बाहेर ही रांग. प्राणी एकही नाही. सगळ्यात पुढे चिंगीची आई, फोन हातभर लांब धरून. त्यांनी रागावून एवढंच विचारलं की आणावे म्हणजे कुणी आणावे, मी तर एकटी राहते. टिप्याचे आजोबा खरोखर उपाशीपोटी आले होते. मला साखर आहे, तेव्हा आधी मला घ्या, असं म्हणत ते सरळ तपासणीच्या टेबलापर्यंत गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खाली बसवून बिस्किटं खायला घातली. एका गृहस्थांना वाटलं, माणूस असल्याचा पुरावा मागितलाय, त्यांनी घरून ओरिजिनल कागदपत्रं आणली होती. मी प्रत्येकाची माफी मागत होते आणि झटपट जिन्याखालच्या खोलीत आतून कडी लावून बसला होता. तेवढ्यात अध्यक्ष आले. तेही रांगेत बसले. त्यांचा पोपट भोपळ्या आमच्याकडे नखं कापायला येतो, म्हणजे भोपळ्याचे बाबा ते हेच. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी मला फोन वाचायला दिला. 'भोपळ्याचे बाबा (पोपट) यांची चोच व नखे वाढली असल्यास कापून घ्यावीत. पिंजऱ्यावर फडकं टाकून आणावे.' मी वाचत असताना ते माझ्याकडे नाही, स्वतःच्या नखांकडे बघत होते. मग म्हणाले, बाई, जोडणी ही अशी असेल तर जुनं बंद. आणि तुमचा शब्द इतिवृत्तात आहे.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग दुपारी मनाचा हिय्या केला, खोलीचं दार वाजवलं आणि झटपटला म्हटलं, तुझं ते आपोआप आपोआप बाजूला ठेव. नकलेला ओडीबीसीने जोड आणि प्रश्न मला माझ्या हाताने विचारू दे. तो बिचारा इतका ओशाळला होता की निमूटपणे शिकवायला बसला. हे दे, इथून दे, या अटीवर दे, या क्रमाने लाव. एवढीच भाषा! मी म्हटलं, पहिला प्रश्न माझ्या मनाचा. या दवाखान्यातली सगळ्यात जुनी नोंद कुठली? बोट दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. नाव, चाचणी. जात, मांजर. आजार, काही नाही. पालक, चाचणीची आई.

वन्सं! हे तुम्ही भरलेलं! प्रोग्राम लिहून झाल्यावर तपासायला म्हणून तुम्ही स्वतःच्या हाताने जी पहिली खोटी नोंद केलीत, तिच्यात पालक म्हणून स्वतःचं नाव नाही घातलंत, 'चाचणीची आई' घातलंत! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की डॉक्टरीणबाई हातात सुई घेऊन धावत आल्या. माझ्या आधी टेबलाशी जी होती तिने तुमचं बघून तसंच लिहिलं, तिचं बघून मी लिहिलं, आणि आता टिप्याच्या आजोबांना साखरेचा त्रास झाला. मी तुम्हाला दोष देत नाही. (देत असते तर लिहून दिला असता.) फक्त मूळ कुठे आहे ते कळवते. शिवाय मला ते फार गोड वाटलं, हेही कळवते. तुमच्यासारख्या कडक बाईला नसलेल्या मांजराची आई व्हावंसं वाटलं, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

त्यानंतर मी ठरवलं ते ठरवलं. ओडीबीसी. अध्यक्षांना बोलावून नकलेवर दाखवलं. त्यांनी विचारलं, तिन्हींत सगळ्यात चांगलं कुठलं? मी म्हटलं, साहेब, असं विचारू नका. हा झटपट उद्या दुसऱ्या नोकरीवर जाईल, परवा त्याची कंपनी जाईल, कधीतरी जिन्याखालचं यंत्रही जाईल. त्यानंतर कोण राहील ते विचारा. सगळ्यांनी मान्य केलेली रीत राहते. नवीन भागासाठी झटपटला ओआरएम वापरायची हौस असेल तर वापरू दे, ते याच रस्त्याने खाली येऊन प्रश्न विचारू शकतं. पण जुन्या नोंदींना जे काही विचारायचं ते उघड, लिहून, आणि मला दाखवून. आणि नवा प्रोग्राम जुन्यातलं फक्त वाचेल, एक अक्षर लिहिणार नाही. मग डॉक्टरीणबाईंनी नव्या प्रोग्रामात तांबड्या मांजराचं नाव घातलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं, नेहमीची भूल देऊ नये. अध्यक्षांनी मान हलवली आणि गेले.

तर वन्सं, थोडक्यात सगळं जमलं. तुमचं काम जागच्या जागी आहे, माझी खुर्चीही आहे. आता पुरे करते, तुमचे बंधू स्टुलावरून उतरताहेत आणि स्टूल धरायला कुणी नाही. मोठ्यांना नमस्कार, नातीच्या असतील नसतील त्या दातांना पापा, आणि गुडघ्याला शेक. (डाव्या.)

तुमची आज्ञेतली (शक्य तेवढी),
भावजय

ता. क. वर 'जमलं' लिहिलंय ते नकलेपुरतं. अध्यक्ष मान हलवून गेले हे खरं, पण दारातून वळून म्हणाले की बैठकीत हेच खऱ्या यंत्रावर दाखवा, तोवर खुर्चीचं राखून ठेवतो. आणि खऱ्या यंत्राचं घोडं अडलंय. ओडीबीसी असो, ओआरएम असो, दारात आधी नाव आणि पासवर्ड सांगावाच लागतो. (पासवर्ड न लागणारी एखादी तऱ्हा आहे का, हे मी तीनदा विचारून पाहिलं.) माझ्या रोजच्या पासवर्डने टेबलापुरतं उघडतं. नव्या प्रोग्रामला वाचायची परवानगी द्यायची तर मालकाचा पासवर्ड लागतो, आणि तो एकट्या तुम्हाला ठाऊक. त्या खिडकीत तुम्ही आठवणीसाठी इशारा लिहून ठेवलाय, 'जिच्यावाचून हे टेबल चालणार नाही.' आम्ही सगळ्यांनी एकमुखाने तुमचं नाव घातलं. आडनावासकट घातलं, आडनावाशिवाय घातलं. तेव्हा पडद्यावर ओळ आली, 'अंदाज बांधू नका. विचारा.' आवाज ओळखीचा वाटला. म्हणून विचारते. वन्सं, पाया पडते, पासवर्ड लिहून पाठवा. वर काही एक नको म्हटलं होतं ते मनावर घेऊ नका. गुडघ्याची चौकशी मात्र मनापासूनच होती.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी तुमच्या बंधूंनी हे पत्र मला न विचारता वाचलं. वाचून म्हणाले, ताईने आयुष्यात स्वतःचं नाव कुठे लावलंय? दवाखाना पाटीवर लावत होता तर लावू दिलं नाही. तुझं घालून बघ. मी म्हटलं, काहीतरीच काय! वन्सं आणि माझं नाव? इतक्या वर्षांत त्या मला एकदा 'ठीक आहे' म्हणाल्यात, तेही चहाला. तरी दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून घातलं. उघडलं नाही. आता गंमत बघा, आधी मला ते खरं वाटत नव्हतं, आणि उघडलं नाही तर वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, वन्सं. पत्र तसंच पिशवीत राहून गेलं.

ता. क. तिसरा. उघडलं. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, तुम्हाला माहेरी काय म्हणायचे हो? मी सांगितलं, त्या म्हणाल्या घाला. मी म्हटलं ते नाव सासरी कुणाला माहीतसुद्धा नाही. घातलं आणि दार उघडलं. मी टेबलाशी बसायला लागले तेव्हा तुम्ही पासवर्ड बदललात, तो हा! माझ्या आईने त्या नावाने मला तुमच्यासमोर एकदाच हाक मारली होती, मला सासरी पाठवताना. आई गेली तेव्हापासून ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि तुम्ही ते इतकी वर्षं जिन्याखाली जपून ठेवलंत आणि मला एका अक्षराने कळू दिलं नाहीत. मला रडू आवरेना. झटपटला वाटलं डेटा उडाला, तो माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला. बैठक झाली. खऱ्या यंत्रातून तांबड्या मांजराची लाल ओळ आली, आणि इतिवृत्तात माझी खुर्ची कायम झाली.

ता. क. शेवटचा. झटपट म्हणतो, आता तो पासवर्ड सगळ्यांना कळला, सुरक्षेसाठी बदलायलाच हवा. त्याचं बरोबर आहे. मी बदलला. नवा कुणाला सांगायचा नाही असा नियम आहे, म्हणून तुम्हालाही सांगत नाही. इशारा मात्र तुमचाच ठेवलाय, एक शब्द हलवलेला नाही. ओळखता येतोय का बघा, आणि एकदा इकडे येऊन स्वतःच्या हाताने उघडा.